फँटसी गेममध्ये माझा नायक देव मानत नाही, पण सोबती कट्टर भक्त आहे. हे कसं खेळायचं?

तुम्ही बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधल्या शॅडोहार्ट या सोबतिणीबद्दल विचारलंय. तुमचा फायटर (लढवय्या पात्र) कुठलाच देव मानत नाही, ती अंधाराची देवी शार हिची भक्त, आणि दर संवादात टोमणा मारायचा की गप्प बसायचं हे ठरत नाही. टोमणे मारू नका. उठसूट टोमणे मारणारा नास्तिक म्हणजे रोलप्लेचा कंटाळा.

'या जगात देव खरोखर आहेत, मग नास्तिक असेलच कसा?' असं कुणी म्हणालं तर मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलावर फासे टाकून खेळायचा रोलप्ले खेळ) टेबलावर हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. माझा फायटर होता आणि मैत्रीण पहाटेचा देव लाथँडर याची क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) खेळायची. माझ्या पात्राचं म्हणणं सरळ होतं: देव आहेत, ताकदवान आहेत, मान्य. पण म्हणून त्यांच्या पाया का पडायचं? ताकदवान तर ड्रॅगनही असतो.

एका लढाईत माझे हिट पॉइंट (पात्राचा जीव) शून्यावर आले, डेथ सेव्हही (मरणातून वाचण्यासाठी टाकायचे फासे) हुकत होते. मैत्रिणीने क्युअर वून्ड्स हा बरं करणारा मंत्र टाकला. डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, "लाथँडर अश्रद्ध माणसाला बरं करत नाही." नियमांत अशी अट कुठेही नाही! पण मैत्रिणीने पुस्तक उघडलंच नाही. आपल्या पात्राच्या आवाजात ती म्हणाली, "पहाट काय फक्त भक्तांसाठी उजाडते?" टेबल गप्प. डीएमला बरं करण्याचा डी८ (आठ बाजूंचा फासा) टाकू द्यावाच लागला. मग त्याने हट्ट धरला की आता तरी माझ्या पात्राने गुडघे टेकावेत. मी टेकले नाहीत. पण ती सूर्योदयाची प्रार्थना करायची तेव्हा पहारा माझा फायटर द्यायचा, तोही स्वतःहून मागून घेऊन. डीएमला हे ढोंग वाटायचं. अरे, तिचा देव मला मान्य नाही, ती मान्य आहे, यात ढोंग कसलं?

गेमनाही हा फरक कळतो. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) तुम्ही पवित्र रक्षेत ड्रॅगनचं रक्त ओतलंत आणि ती रक्षा पूज्य मानणारी सोबतीण लेलियाना बरोबर असली, तर ती तुमच्यावरच शस्त्र उपसू शकते. त्याच मालिकेतल्या इन्क्विझिशनमध्ये (२०१४) भाविक सोबतीण कॅसँड्रा श्रद्धेबद्दल विचारते तेव्हा तुम्ही सरळ 'नाही' म्हणू शकता, तरी ती साथ सोडत नाही. बाल्डर्स गेट ३ मध्येही दैवत निवडावं लागतं ते फक्त क्लेरिकला.

शॅडोहार्टचं म्हणाल, तर तिला तिच्याबद्दल विचारा, शारवर वाद घालू नका. (पुढे स्पॉयलर आहे.) दुसऱ्या अंकात, शारसाठी जिला मारायचं त्या कैदी नाइटसाँगसमोर तिच्या हातात भाला असतो. तोवर तिचा विश्वास कमावला असेल, तर निर्णय तिच्यावर सोडा. ती स्वतःच भाला फेकून देते.

हो, एक राहिलंच. शार म्हणजे लाथँडर नव्हे. ती भक्तांच्या आठवणी पुसते, तेव्हा शारच्या कारस्थानांना विरोध जरूर करा. आणि कधी टेबलावर खेळलात, तर पहिल्या सत्राआधीच डीएमकडून कबूल करून घ्या की हीलिंग नियमाप्रमाणेच चालेल. आमच्या डीएमला हे अजूनही पटत नाही. तो चूक होता आणि आजही चूकच आहे.