‘सकस खाणं परवडत नाही हो, मॅडम!’

“मॅडम, ह्यांची शुगर बॉर्डरवर आली म्हणून सगळं हेल्दी आणायला लागले, तर महिन्याचा हिशोबच कोलमडला. बारक्या पगारात असलं खाणं जमायचं कसं?”

आहारसल्ल्याला येणाऱ्या दर दुसऱ्या घराची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून एका घराचं जरा तपशिलात सांगते. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

ताई मूळच्या बार्शीकडच्या, राहायला हडपसरला. घरात नवराबायको, दोन मुलं आणि सासूबाई. नवरा कंपनीत शिफ्टला, ताई एका दवाखान्यात रिसेप्शनला. नवऱ्याचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी सुरू न करता तीन महिने खाणं आणि चालणं सुधारायला सांगितलं. ताईंनी मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ पाहिले आणि साडेआठ हजारांचा किराणा साडेतेरावर गेला.

मी पहिल्या भेटीला खाण्याची डायरी मागत नाही, किराण्याचं बिल मागते. डायरी माणसं मला बरं वाटावं म्हणून लिहितात. बिलाला तेवढी लाज नसते. ताईंच्या बिलात ओट्स होते, किन्वा होता, चिया, ऑलिव्ह ऑइल, बदामाचं दूध, मल्टिग्रेन ब्रेड आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं. त्याच बिलात खारी, टोस्ट, फरसाण, सॉस, नूडल्स आणि पाच किलो साखरही होती. जुनं काहीच गेलं नव्हतं, नवं त्याच्या उरावर येऊन बसलं होतं. पाच हजार वाढले ते तिथेच.

ब्रेडचं पाकीट त्यांनी सोबतच आणलं होतं. मागची बाजू वाचायला सांगितली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे ज्याचं नाव पहिलं ते सगळ्यात जास्त. पहिलं नाव मैद्याचं निघालं. ज्या धान्यांची चित्रं पुढे छापली होती ती पार शेवटी, मिठाच्या आसपास. ताई म्हणाल्या, “साठ रुपये मोजलेत हो ह्याचे!”

मग मी सहज विचारलं, “गावाकडून ज्वारी येते का?”

“येते की. दोन कट्टे येतात दरवर्षी, मालदांडी. एक आम्ही तिथेच विकून टाकतो, दुसरा माळ्यावर असतो. पण मॅडम, भाकऱ्या करणार कोण?”

खरी गाठ इथे होती, आणि बहुतेक घरांत ती इथेच असते. अख्खं धान्य, कडधान्य, पालेभाजी हे पाकिटापेक्षा स्वस्तच आहे. ते महाग पडतं वेळेला आणि हाताला. ज्वारी निवडायची, गिरणीत टाकायची, मेथी खुडायची, मटकी भिजवून मोड आणायचे, भाकरी थापायची. हे सगळं एका बाईच्या नोकरीनंतरच्या दोन तासांत बसवायचं म्हटलं, की ती पाकीटच आणणार. आणि आपण तिलाच ‘पैसे उधळतेस’ म्हणायचं! म्हणून पुढच्या भेटीला मी यजमानांनाही बोलावलं. आजार त्यांचा होता, हात मात्र ताईंचेच लागत होते.

तेव्हा मी त्यांच्यासमोर एक हिशोब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य साधारण २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. मुलांचं आणि सासूबाईंचं कमी धरलं तरी या घराला रोज दीड-पावणेदोन किलो भाजी हवी. येत होती अर्धा किलो, पाच जणांत. डाळ म्हणजे महिन्याला तीन किलो तूर, बस्स. म्हणजे खर्च वाढवायला हवा होता मंडईत, आणि वाढला होता मॉलमध्ये.

यादी आम्ही तिथेच नव्याने लिहिली. किन्वा आणि बदामाचं दूध गेलं, ऑलिव्ह ऑइलही गेलं. ओट्स मुलीला आवडतात म्हणून ठेवले, पण साधे, चवीची पाकिटं नकोत. ज्वारी घरची होतीच. दोन किलो नाचणी घातली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सासूबाईंनाही उपयोगी. मटकी, हरभरा, मूग, हुलगा मिळून पाच किलो, शेंगदाणे, जवस-तिळाची चटणी, आठवड्याला डझनभर अंडी. फळांत पेरू, केळी, हंगामात बोरं-आवळे. किवी मागणाऱ्यांना मी नेहमी सांगते की क जीवनसत्त्वात आपला पेरू त्याला हार जात नाही.

साखर पाचावरून दोन किलोवर आणली. “मग गूळ घालू?” असं ताईंनी विचारलंच. गूळही साखरच, रक्ताला दोन्ही सारखेच.

कामाची वाटणी यादीपेक्षा जास्त वेळ खाऊन गेली. गिरणी आणि मंडई यजमानांकडे. दळण आठवड्याचंच, ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरीला चिरा पडतात, आणि बाजरीचं तर त्यातल्या तेलामुळे कडू होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पण बसून मेथी निवडणं आणि मटकी फडक्यात बांधणं त्यांनी आपणहून घेतलं. यजमानांना भाकरी थापता येईना, तर त्यांना उकड काढून लाटायला सांगितलं. पाण्याला उकळी आणायची, पीठ घालून झाकायचं, कोमट असताना मळायचं आणि पोळीसारखी लाटायची. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं म्हणे, “लाटलेल्याला काय भाकरी म्हणायचं?” पण चार खाल्ल्या. त्यावर मला यजमानांना सांगावं लागलं की तुमच्या ताटात दोनच. ज्वारीची म्हणून चार खाल्ल्या तर साखर काही खाली येत नाही.

आणखी एक खर्च बिलात दिसतच नव्हता. दोघांनी आपापल्या फोनवरचे महिनाभराचे यूपीआय व्यवहार काढले. टपरीवरचं क्रीमरोल, वडापाव, रात्री दहाला दहा मिनिटांत येणारं आइस्क्रीम आणि वेफर्स, सगळं मिळून तीन हजारांच्या वर. यजमान बराच वेळ स्क्रीन खालीवर करत बसले. मी काही बोलले नाही, ताईंनीच बोलून घेतलं. त्यावर तोडगा साधा निघाला: शिफ्टला निघताना डब्यासोबत भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक फळ. टपरी पूर्ण सुटली नाही, चहापुरती उरली.

दोन महिन्यांनी किराणा नऊ हजारांच्या आत आला होता. भाजी-फळांचा खर्च मात्र जवळपास दुप्पट झाला. दोन्ही धरून पूर्वीपेक्षा थोडे पैसे जास्तच जात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. बरोबरी झाली ती फोनवरून जाणारे पैसे कमी झाल्यामुळे. उन्हाळ्यात पालेभाजीची जुडी दुप्पट झाली तेव्हा ताई पुन्हा घाबरल्या. त्या दोन महिन्यांत शेवगा, कांद्याची पात, दुधी आणि मोडाची उसळ यांवर भागवलं. आठवडी बाजारात आवरायच्या वेळेला भाजीचे वाटे लावतात, ते यजमान आता बरोबर गाठतात.

एचबीएवनसी ५.८ आलं. त्यात रोजच्या चालण्याचाही वाटा आहे, आणि डॉक्टरांकडची फेरी चालूच आहे. मुलाच्या नूडल्स शनिवारी होतात, त्यात गाजर-कोबी ढीगभर घालून.

परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, “लाकडी घाण्याचं तेल घेऊ का ग? दर लई आहे.” या घरात महिन्याला सहा किलो तेल जात होतं, पाच जणांना चार पुरे. ते सध्या पावणेपाचवर आलंय. मी सांगितलं, आधी चारवर या, तोवर नेहमीचं शेंगदाण्याचंच राहू दे.