वाचक प्रथिनांचा अभ्यास कुठून सुरू करावा

बडोद्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात, म्हणून सुचवते की वाचक प्रथिनांचा, म्हणजे हिस्टोनांवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) रासायनिक चिन्हे ओळखणाऱ्या प्रथिनांचा, अभ्यास ५३बीपी१ या वाचकापासून करावा. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर हे प्रथिन एच४ हिस्टोनच्या २० व्या लायसीनवरील (हे एक अमिनो आम्ल) मिथाइल आणि एच२एच्या १५ व्या लायसीनवरील युबिक्विटिन (एक छोटे प्रथिन) ही चिन्हे एकत्र वाचते व तुटलेली टोके कुरतडू देत नाही. बीआरसीए१ (बिनचूक डीएनए-दुरुस्तीला लागणारे जनुक) गमावलेल्या कर्करोगपेशीतून ५३बीपी१ही नाहीसे झाले, तर टोके कुरतडून होणारी बिनचूक दुरुस्ती बऱ्याच अंशी परतते आणि अशा पेशींवर वापरले जाणारे पार्प-रोधक औषध (पार्प हे डीएनए-दुरुस्तीचे विकर अडवणारे) निष्प्रभ ठरू शकते. माझ्या मते खरे मर्म इथेच आहे. बीआरडी४ हे अॅसिटाइल चिन्ह वाचणारे प्रथिन नंतर पाहावे. केंद्रकातले ५३बीपी१चे ठिपके मोजताना एस-अवस्थेतील (डीएनएची प्रत बनत असलेल्या) पेशी मात्र वेगळ्या काढाव्यात, कारण नव्या क्रोमॅटिनवर (डीएनए व हिस्टोन यांच्या गुंफणीवर) एच४वरील ते मिथाइल विरळ असते. मी त्या मिसळल्याने माझी कित्येक आठवड्यांची मोजणी वाया गेली होती.