अमेरिकन वाद्यवृंदसंगीत : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मी अनेक वर्षे रागसंगीत ऐकत आलो आहे. अलीकडे मुंबईच्या एनसीपीए सभागृहात ड्वोरझाक या चेक संगीतकाराची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी ऐकल्यापासून खुद्द अमेरिकन संगीतकारांविषयी कुतूहल वाटू लागले आहे. विसाव्या शतकातील संगीत कर्कश असते, असे मित्र म्हणतात. कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपल्या मित्रांनी त्या शतकाची एकच बाजू ऐकलेली दिसते. आरंभ एरन कोपलंड यांच्या ‘ॲपलेशियन स्प्रिंग’ने करावा. मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यासाठी १९४४ मध्ये लिहिलेली ही रचना मुळात केवळ तेरा वाद्यांची होती. पुढे कोपलंड यांनीच मोठ्या वाद्यवृंदासाठी तिच्यातील निवडक भागांची ‘स्वीट’ तयार केली. लेनर्ड बर्नस्टाईन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून करवून घेतलेले १९६१ चे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे आणि मग तेरा वाद्यांची आवृत्ती मिळवावी. शेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका गीताची चाल उत्तरार्धात प्रथम क्लॅरिनेटवर येते, निरनिराळी रूपे घेत जाते आणि अखेर सगळा वाद्यवृंद ती संथ, भारदस्त लयीत वाजवतो. बढत ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हा प्रवास सहज उमगेल. मात्र ही रचना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकू नये, कारण तिचा आरंभ इतका हळुवार आहे की गाडीच्या खडखडाटात तो पार बुडून जातो.

सॅम्युअल बार्बर यांचे ‘अडॅजिओ’ (तंतुवाद्यांसाठीची संथ रचना) बहुधा आपल्या कानावरून गेलेले असेल. त्याऐवजी त्यांचा १९३९ चा व्हायोलिन कन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) निवडावा. हॉवर्ड हॅन्सन यांची १९३० ची ‘रोमँटिक’ सिंफनी भावनेने ओथंबलेली (माझ्या मते जरा जास्तच) आहे; ती त्यांच्याच संचालनाखाली, ईस्टमन-रॉचेस्टर वाद्यवृंदाने वाजवलेली ऐकावी. रॉय हॅरिस यांची तिसरी सिंफनी मात्र सलग ऐकावी लागते, कारण जेमतेम अठरा मिनिटांची ही रचना चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यांच्या एका लांबलचक सुरावटीतून उलगडत जाते आणि मध्येच सोडली तर हाती काहीच लागत नाही.

त्यानंतर ॲलन होव्हानेस यांची १९५५ ची ‘मिस्टीरियस माउंटन’ घ्यावी. फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनी यांचे १९५८ चे ध्वनिमुद्रण उत्तम आहे. होव्हानेस यांनी १९५९-६० मध्ये मद्रासला कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, परंतु ही सिंफनी त्याआधीची असल्याने तिच्यात रागांच्या खुणा शोधत बसू नये.