ओळख वाढली की जास्त जपून विचारायचं

अगं, तुझा मेसेज वाचला. गावातल्या आपल्या अभ्यासात भाग घ्यायच्या संमतीचे सगळे फॉर्म सह्या होऊन आले, एकही नकार नाही म्हणून खूश आहेस, पण मला नेमकी त्याचीच काळजी वाटली म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

एकदाच होणाऱ्या तपासणीला लोक शंका काढतात, चार प्रश्न विचारतात. आपलं तसं नाही, आपण वर्षानुवर्षं त्याच घरात जातो, चहा होतो, बाळाचं वजन करता करता गप्पा सासूच्या गुडघेदुखीपर्यंत जातात आणि मग फॉर्म पुढे केला की "ताई, तुम्ही म्हणताय ना, मग कुठं करू सही?" एवढंच. तिथे थांबायचं. ती तुझ्या भरवशावर हो म्हणतेय, अभ्यास काय आहे ते तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

टस्कीगीच्या अभ्यासाबद्दल ट्रेनिंगमध्ये ऐकलं असशील. अमेरिकेत अलाबामात १९३२ ते १९७२, सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराचं नावसुद्धा सांगितलं नाही, नुसतं "रक्त खराब आहे", पाठीतून पाणी काढायचे ते पण खास फुकट उपचार म्हणून, आणि पुढे त्यावर पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. सगळे डॉक्टरांना शिव्या घालतात, पण तू युनिस रिव्हर्सबद्दल वाच. ती नर्स त्यांच्याच समाजातली, गाडीतून न्यायची-आणायची, घरच्यांची विचारपूस करायची, डॉक्टर बदलत गेले तरी ती होतीच, आणि लोक तिच्याकडे बघून येत राहिले. तिची माया खरी होती असंच मला वाटतं, आणि म्हणूनच ते वाचताना जास्त भीती वाटते, कारण गावात आपली जागा तीच आहे.

"कळलं का?" असं कधी विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर जावेला काय सांगाल?" असं विचार. "शुगरचं औषध द्यायला आल्यात" असं म्हणाली तर परत पहिल्यापासून समजावायचं. आणि नाही म्हटलं तरी दवाखान्यातले उपचार बंद होणार नाहीत हे वेगळं, स्पष्ट सांगायचं, शक्यतो नवरा-सासू समोर नसताना.

पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचा १९९३ ला सुरू झालेला अभ्यास बघ, तेव्हा पोटात असलेली बाळं आज तिशीच्या आसपास आहेत. आपलीही मुलं मोठी होतायत. मूल सात वर्षांचं झालं की त्यालाही विचारायचं आणि १८ पूर्ण झाले की आईची जुनी सही पुरत नाही, त्याची स्वतःची संमती नव्याने लागते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये आहे हे. तो नको म्हणाला तर आईला मध्ये घालून वळवू नकोस. त्याचं रक्त लहानपणापासून फ्रीजरमध्ये आहे हे बहुतेक त्याला माहीतही नसेल, ते सांग, आणि त्या नळ्या ठेवायच्या की काढून टाकायच्या हे त्याला विचारूनच सरांना कळव.