फलक जुना, वेळ नवी: टेंपोमालकाने चलान भरावे का?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी मी माझ्या टेंपोने सोलापूर शहरातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवतो. नाक्यावरच्या फलकावर 'जड वाहनांना सकाळी ११ पर्यंत प्रवेश बंद' असे लिहिले आहे, म्हणून ड्रायव्हर सव्वाअकरानंतरच नाका ओलांडतो. तरी तीन ई-चलाने आली. चौकशी केल्यावर कळले, बंदीची वेळ आता १२ पर्यंत वाढवली आहे, फलक बदलायचा राहिला. पैसे भरून मोकळा होऊ का?

उत्तर: घाई करू नका. चलानाचे पैसे भरले की मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे गुन्हा तडजोडीने मिटतो आणि मग हरकत घ्यायला जागा उरत नाही. पण चलान तसेच पडू देणेही चालणार नाही; गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी ते आडवे येते.

आधी आरसी बुक काढा. १९८८ च्या या कायद्यात 'जड मालवाहू वाहन' म्हणजे १२,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाचे वाहन. साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्यात मोडते. इथे गाडीचे रिकामे वजन धरायचे नाही, मालासकट मंजूर झालेले एकूण वजन बघायचे. मूळ आदेशात नुसते 'जड वाहने' असे असेल आणि तुमचा टेंपो हलक्यात येत असेल, तर वेळेचा वाद काढायची गरजच नाही. मात्र अशा आदेशांत कधी 'सर्व मालवाहू वाहने' असेही असते. म्हणून आदेशाची प्रत हातात हवी. माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क लागते, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात तीनच गोष्टी मागा: वेळ बदलणारा आदेश, तो राजपत्रात आल्याची तारीख, आणि त्या नाक्यावर नवा फलक लावल्याची नोंद.

या तीनच का, ते सांगतो, कारण तुमची खरी बाजू इथे आहे. ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालायचा अधिकार कलम ११५ देते. तेच कलम सांगते की बंदी राजपत्रात प्रसिद्ध करायची आणि कलम ११६ खाली योग्य जागी फलक लावायचे. बंदी महिनाभराची किंवा त्याहून कमी असेल तर राजपत्राची अट नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे फलक ही प्रशासनाची मेहेरबानी नाही, बंदी घालणाऱ्यावर कायद्यानेच टाकलेली जबाबदारी आहे. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही हे खरे, पण आधी तो लोकांपुढे यायला हवा. जयपूर संस्थानातला अफूचा कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हारला खटल्यात त्याखालची शिक्षा रद्द केली होती. तुमच्या बाबतीत आदेश राजपत्रात आलेला निघाला, तर या निकालाचा आधार कमी होईल. तरी फलकाचा मुद्दा उरतोच, आणि माझ्या मते तो भक्कम आहे. ११ लिहिलेला फलक उभा ठेवून साडेअकराच्या गाडीला दंड लावणे मला अन्यायाचे वाटते.

चलानावर कलम कोणते लावले आहे तेही वाचा. कलम ११९ (वाहतुकीचा फलक न पाळणे) सोबत १७७ असेल तर पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ११५ सोबत १९४ असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये. तसे असेल तर एकही चलान न लढता सोडू नका.

उद्याच नाक्यावर जाऊन फलकाचे फोटो काढा. एक जवळून, आकडे वाचता येतील असा. एक लांबून, शेजारचे दुकान आणि वळण दिसेल असा. फलक कधीही बदलला जाईल, मग पुरावा गेला. त्या तीन दिवसांच्या बिल्ट्या, म्हणजे माल पोचवल्याच्या पावत्या, बाजूला काढा आणि चलानावरचा फोटो कुठला, किती वाजताचा, ते ताडून पाहा. चलान कॅमेऱ्याने टिपलेले असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे १५ दिवसांत नोटीस पाठवायला हवी. सोलापूरचे नाव त्या नियमाच्या यादीत आहे. उशीर झाला म्हणून चलान आपोआप रद्द होत नाही, पण मुद्दा लिहून ठेवा.

हे सगळे जोडून महाट्रॅफिकवर, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान यंत्रणेवर, तक्रार नोंदवा, तोच अर्ज वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या. नाही ऐकले तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा नाकबूल करा. लोक अदालतीची नोटीस आली तर सवलतीला भुलू नका. तिथे तडजोड झाली की अपील नाही. आणखी एक, फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ५१४ सांगते. न्यायालय उशीर माफ करू शकते, तरी तारखा लिहून ठेवा.

शहरात जड गाड्यांखाली माणसे जातात, तेव्हा बंदीची वेळ वाढवणे मला योग्यच वाटते. तुम्हाला आता नवी वेळ कळली आहे. उद्यापासून टेंपो १२ नंतरच आत सोडा. चौथे चलान आले, तर त्यात मी वर सांगितलेला फलकाचा बचाव तुमच्या कामी येणार नाही.