लग्नाला पंधरा दिवस उरलेत. आठवडाभर फक्त फळं-भाज्या खाल्ल्या तर वजन उतरेल का? (इंदूर)

उतरेल, पण चरबी फारशी नाही. आधी संपतं ते यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. म्हणून काटा झरझर खाली येतो आणि पोळी-भात सुरू झाला की परत चढतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. हिशेब तुम्हीच मांडा.

त्यापेक्षा सकाळच्या पोह्यांवरची मूठभर शेव आणि सोबतची जिलबी सोडा. रात्री जेवण झाल्यावर परत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन गराडू (तळलेला कंद), रबडी कशाला? (केळवणं टळणार नाहीत, ती खा.) वरण, मोडाची मटकी, दही मात्र ठेवाच, नाहीतर स्नायू झिजतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नका.