बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पहिलं लेथ मशीन टाकताना

बाळा, दर पाडून काम घेऊ नकोस. तू दोन रुपये उतरलास तर शेजारचा तीन उतरेल. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, मशिनिंगला गिऱ्हाईक टिकतं ते मापावर. माझा पहिला मोठा लॉट परत आला, बोअर, म्हणजे आतलं भोक, ०.०२ मिलिमीटरनं मोठा झाला म्हणून. दुसऱ्याच दिवशी उसने पैसे घेऊन भोकाचं माप घेणारं बोअर गेज आणलं. तेव्हापासून प्रत्येक पाचवा नग तपासतो. दुसरी शिफ्ट त्यातूनच उभी राहिली, खानापूरकडची चार पोरं कामाला लागली.

लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधी कर, फुकट होते. नोंदणी असली की २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं गिऱ्हाइकाकडून पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. बिलावर नोंदणी क्रमांक छाप. आणि पहिल्या नफ्यातून गाडी घेऊ नकोस रे, मशीनचं सेटिंग शिकणारं एखादं पोरगं ठेव.